पहिल्याच पावसाळ्यासाठी आगोटीची बेगमी

अगं, एकसारख्या बरण्या नंतर घे. मे संपत आलाय, आधी आगोट भर, म्हणजे पावसाळ्याला पुरेल असा घरातला साठा. कोकणात पावसाळ्याचं दमट हवामान हाच खरा शत्रू, उंदीर त्यानंतर.

सुक्या मासळीपासून सुरुवात कर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सोडे, बोंबील, जवळा यांचाच आधार. विकत आणलेले वाळलेलेच दिसतात, तरी कडक उन्हात एक दिवस दे. मग पूर्ण गार होऊ दे. ऊन-ऊन भरलेस तर डब्यात वाफ धरते आणि महिन्याभरात बुरशी. डबा घट्ट झाकणाचा हवा, चहा-साखरेपासून लांब. वास कुठे जाईल सांगता येत नाही.

मसाल्याच्या बरणीत वर हिंगाचे खडे ठेव. रोजच्यासाठी छोटी डबी वेगळी काढ, मोठी बरणी सारखी उघडू नको. ओला चमचा तर नकोच नको.

तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला. कुळीथ उन्हात तापवून भर. आमसुलं, चिंच, मीठ काचेत किंवा चिनी मातीत, पत्र्याला गंज चढतो. पांढऱ्या कांद्याच्या माळा वाऱ्याला टांग.

रवा-मैदा मात्र पंधरा दिवसांपुरताच. मी पहिल्या वर्षी पाच किलो रवा भरला होता. श्रावणात उघडला तर सगळी जाळी! सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या सूप घेऊन बसल्या.

आणि हो, काय कुठल्या डब्यात आहे ते झाकणावर नको, डब्याच्या पोटावर लिही. झाकणं बदलतात.