शेततळ्याचा कागद, बोअरचे पाणी आणि विहीर पुनर्भरण

या पंधरवड्यात पाण्याविषयी तीन प्रश्न आले आहेत. जत तालुक्यातील एका डाळिंब बागायतदारांनी शेततळ्यास कोणता कागद, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून घालावयाचे प्लास्टिकचे अस्तर, घालावा असे विचारले असून, तळे पावसाने भरत नसेल तर बोअरने भरून घ्या, असा विक्रेत्याने दिलेला सल्लाही कळवला आहे. खटाव तालुक्यातील एका शेतकऱ्यांना शेजारच्या ओघळीचे पाणी विहिरीत सोडावयाचे आहे. तासगावहून आलेला तिसरा प्रश्न पत्र्यावरचे पाणी पिण्यासाठी साठवण्याचा आहे.

बोअरचे पाणी उपसून शेततळ्यात साठवू नये. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडाले, तरी रोज सात हजार लिटरांहून अधिक पाणी हवेत जाते, म्हणजे जे पाणी खडकात सुरक्षित होते ते वीजबिल भरून वर आणावयाचे आणि उन्हाला द्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. तळे भरत नाही याचे कारण बहुधा जागेत असते. याच मापाच्या 3 मीटर खोल तळ्यात, बाजूंना 1:1 उतार ठेवल्यास, सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते; 500 मिलिमीटर पावसातील 15 टक्के पाणी वाहून आले असे धरले, तर ते भरण्यास 3 हेक्टरांचे पाणलोट, म्हणजे ज्यावरचे पाणी तळ्याकडे वाहून येते ते क्षेत्र, लागते. माळाच्या डोक्यावर, जेथे वरून एक गुंठ्याचेही पाणी येत नाही, तेथे तळे खोदून घेणारे अनेक शेतकरी मी पाहिले आहेत आणि त्यांतील बहुतेकांना ती जागा कागद विकणाऱ्यानेच दाखवलेली होती.

कागद 500 मायक्रॉनचा आणि आयएस 15351 ही भारतीय मानकाची खूण असलेला घ्यावा. विक्रेत्याच्या हमीपत्रावर विसंबू नये. एक मीटर लांब व एक मीटर रुंद तुकडा कापून किराणा दुकानातील काट्यावर ठेवावा. 500 मायक्रॉनचा तुकडा 470 ग्रॅमच्या आसपास भरतो. तो 280 ग्रॅम भरला, तर आपल्याला 300 मायक्रॉनचा माल दिला आहे, हे समजून गाडी परत पाठवावी.

आता विहीर पुनर्भरणाकडे, म्हणजे पावसाचे पाणी गाळून विहिरीत उतरवण्याकडे वळू, कारण माझ्या मते आपल्या दुष्काळी तालुक्यांत पहिला रुपया येथेच खर्च झाला पाहिजे. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीचा जिना आणि महाल लोक कौतुकाने पाहतात, परंतु मोटेला, म्हणजे पाणी उपसण्याच्या चामडी पिशवीला, बैल लागत आणि बैल थकत, त्यामुळे उपसा आपोआप आवरला जात असे. त्याच वेळी वरच्या शिवारात दगडी ताली, म्हणजे शेताच्या उतारावरचे बांध, घालून पाणी जागीच मुरवले जाई. आज मोटार थकत नाही आणि ताली फुटून पडल्या आहेत. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने 2016 मध्ये पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, तो श्रमदानाने शिवारातील पाणी शिवारातच अडवून. तेव्हा आधी ताली दुरुस्त कराव्यात आणि मग पुनर्भरणाचा खड्डा घ्यावा.

ओघळीचे पाणी थेट विहिरीत कधीही सोडू नये. विहिरीपासून दोन-तीन मीटरवर दोन खड्डे घ्यावेत: पहिला गाळ बसण्यासाठी, आणि दुसरा सुमारे दोन मीटर खोल, ज्यात तळाशी मोठे दगड, त्यावर खडी व सर्वांत वर वाळू भरून तळातून चार इंची पाईप विहिरीत काढावा. विक्रेते त्याऐवजी तयार फिल्टर पुढे करतात. तो छपराच्या स्वच्छ पाण्यासाठी असतो. ओघळीच्या गढूळ पाण्याने तो एका पावसात तुंबतो आणि मग शेतकरी वैतागून पाईप मोकळा सोडतो. एका विहिरीत असे मोकळे पाणी सोडल्यामुळे झरे गाळाने बुजले होते. दोन वर्षांनी विहीर उपसून काढली तेव्हा मोटारीचा फूटव्हॉल्व्ह चिखलात रुतलेला सापडला.

वेळेची चूक याहून महाग पडते. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस विहिरीत घेऊ नयेत. ते शिवारातील शेण, खत आणि फवारणीचा अंश धुऊन आणतात. पहिले पाऊस विहिरीत घेऊ नयेत, हे पुन्हा सांगतो, कारण दर वर्षी सांगूनही नेमके तेच घेतले जातात. द्राक्षबाग, गोठा किंवा उकिरडा यांवरून येणारे पाणी तर कोणत्याच महिन्यात घेऊ नये. आपल्याकडे भरवशाचा पाऊस उत्तरा-हस्तात पडतो, म्हणून श्रावणाअखेर वाळूच्या थरात बोट घालून पाहावे. वर नखाएवढी जाड गाळाची पापडी धरली असेल, तर ती खुरप्याने खरवडून काढावी, अन्यथा परतीचा पाऊस खड्ड्यावरून वाहून जाईल.

पत्र्यावरच्या पाण्याचे उत्तर थोडक्यात देतो. एक हजार चौरस फूट पत्र्यावर 500 मिलिमीटर पावसात, 20 टक्के वाया गेले तरी, सुमारे 37 हजार लिटर पाणी मिळते. येथेही पहिले पाऊस बाहेर सोडून द्यावेत. साठवलेल्या पाण्यात हजार लिटरला 5 ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकावी आणि तासाभराने पाणी वापरावे. मूठभर पावडर टाकल्याने पाणी अधिक शुद्ध होत नाही, ते पिण्याजोगे राहत नाही. दुकानदाराने मूठभर सांगितले तरी घरच्या चमच्याने एकदा वजन करून माप ठरवून घ्यावे.

वैयक्तिक शेततळ्यास मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून कमाल 75 हजार रुपये अनुदान मिळते आणि अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर करावयाचा असतो. पूर्वसंमती मिळण्याआधी खोदाई केल्यास अनुदान मिळत नाही. नंतर बघू म्हणून जेसीबी लावून देणाऱ्याचे ऐकू नये.