आयर्लंडहून परतलेल्या बाई आणि राहून गेलेले मावंदे

मे महिन्याच्या सुट्या संपून जून उजाडला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार हमखास येते, आणि एकट्याने परदेश पाहायला जाणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढल्यापासून ती अधिकच ऐकू येऊ लागली आहे. प्रवास उत्तम झालेला असतो, कोणताही वाईट प्रसंग घडलेला नसतो, घरची माणसेही चांगली असतात, आणि तरीही परतल्यावर मन लागत नाही. बहुतेकजणी हे सांगतानाच अपराध्यासारख्या होतात, कारण त्यांच्या दुःखाला त्यांना कारण सापडत नसते आणि कारण नसलेले दुःख म्हणजे कृतघ्नपणा, असे त्यांना वाटत असते. या तक्रारीचे उत्तर मी आता जसे देते, तसे ते ज्या बाईंमुळे मला स्पष्ट दिसले, त्यांची हकिगत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे.

बाई एका महाविद्यालयात ग्रंथपाल होत्या. पन्नाशी उलटल्यावर, लेकीचे लग्न पार पडल्यावर, त्यांनी साठवलेल्या पैशांतून आयर्लंडचा दोन आठवड्यांचा प्रवास एकटीने केला. डब्लिन, गॉलवे, मोहेरचे कडे आणि शेवटी कॉर्क असा त्यांचा मार्ग होता. पहिल्या भेटीत त्यांनी त्या कड्यांचे इतके नेटके वर्णन केले की दोनशे मीटरहून अधिक उंचीवरून खाली फुटणारा अटलांटिक मला खोलीत बसल्या जागी ऐकू येऊ लागला. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मला कुणी अडवलं नव्हतं. हे स्वतः मुंबईपर्यंत सोडायला आले होते. मग माझ्याच घरात मला पाहुण्यासारखं का वाटतंय? मी या माणसांना कंटाळले आहे का?"

या प्रश्नाला एक तयार उत्तर असते: तुम्हाला मोकळेपणाची चव लागली आणि आता संसार बोचतो आहे. हे उत्तर अगदी खोटे नाही. परंतु ते फार लवकर हाती लागते, आणि ते मिळाल्यावर माणूस एक तर नवऱ्यावर रागावतो किंवा स्वतःवर. मी त्या वाटेला गेले नाही. त्यांना एवढेच म्हणाले, "कडे राहू द्या. मला शेवटचे तीन दिवस सांगा, तासातासाने."

"त्यात सांगण्यासारखं काही नाही. ते दिवस वायाच गेले."

"तेच सांगा."

या एका गोष्टीसाठी आम्हाला बऱ्याच भेटी लागल्या, कारण वाया गेलेले दिवस कोणी लक्षात ठेवत नाही. हळूहळू जे पुढे आले ते असे. कॉर्कला पोहोचताच बाईंनी बॅग पलंगावर रिकामी केली आणि हातातल्या छोट्या काट्यावर ती पुन्हा पुन्हा तोलून पाहिली. बावीस किलो आठशे. तेवीसची मर्यादा होती आणि जावांसाठी घ्यायच्या लोकरी टोप्या अजून बाकी होत्या. तेवढ्यात घरून फोन आला की सिलिंडर संपत आला आहे आणि नंबर कुठून लावायचा ते सापडत नाही. बाईंनी कॉर्कमधल्या खोलीत बसून सांगलीच्या घरचा सिलिंडर नोंदवला. त्यानंतर दूधवाल्याचा हिशेब, कामवालीची रजा, महाविद्यालयातील साठा-पडताळणी. बाहेर रात्री साडेनऊपर्यंत उजेड रेंगाळत होता आणि त्या खोलीत बसून याद्या करत होत्या. त्यांचे शरीर आयर्लंडमध्ये होते, परंतु त्या तीन दिवस आधीच घरी पोहोचल्या होत्या. आणि आता घरी आल्यावर मन मागे राहिले होते. म्हणजे सबंध महिनाभरात त्या ज्या ठिकाणी होत्या त्या ठिकाणी क्वचितच होत्या. हे मी त्यांना सांगितले, त्यांना ते पटले, आणि त्याने काहीही फरक पडला नाही. पटण्याने फरक पडत असता तर आमच्या व्यवसायाची गरजच उरली नसती.

फरक पडला तो पुढच्या एका भेटीत. निरोपाआधीच्या दिवसाविषयी बोलताना त्या सहज म्हणाल्या की दुपार रिकामी होती म्हणून लोकल गाडीने पंचवीस मिनिटांवरच्या कोव्ह या बंदराच्या गावी जाऊन आले. मी विचारले, तिथे काय केले? त्या गप्प झाल्या.

"हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिथे मी रडले."

कोव्ह हे आयर्लंड सोडून जाणाऱ्यांचे बंदर. १९१२ साली टायटॅनिकने शेवटचे प्रवासी घेतले ते येथूनच, तेव्हा या गावाला क्वीन्सटाउन म्हणत. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. पुढची शंभर वर्षे हा ओघ थांबला नाही, आणि त्यांतील लाखो लोकांनी मायभूमी शेवटची पाहिली ती या धक्क्यावरून. धक्क्यावर ॲनी मूरचा पुतळा आहे, दोन धाकट्या भावांसह. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस आयलंड केंद्र उघडले तेव्हा तेथे नोंद झालेली पहिली व्यक्ती ही मुलगी होती. जुन्या रेल्वेस्थानकात आता या स्थलांतराचे प्रदर्शन आहे. त्या काळची एक प्रथा बाईंना तेथे समजली. अमेरिकेला जाणाऱ्याच्या घरी आदल्या रात्री सगळा गाव जमत असे. गाणी, नाच, जेवण आणि मध्येच आक्रोश, अगदी पहाटेपर्यंत. मेलेल्या माणसाच्या उशाशी रात्र जागवण्याची आयरिश रीत त्यांनी जिवंत माणसासाठी वापरली होती, कारण गेलेला माणूस बहुधा पुन्हा दिसणार नाही हे सर्वांना ठाऊक असे. या रात्रीला ते अमेरिकन वेक म्हणत.

"लोक त्यांच्यासाठी रात्रभर जागले, मॅडम. आणि मी त्या पुतळ्यापाशी उभी राहून रडतेय. मला तर परत घरी जायचं होतं. माझं कोण मेलं होतं?"

अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी अर्थ सांगून टाकण्याची घाई होते. मी ती होऊ दिली नाही. माझ्या मनात मात्र एक जुनी गोष्ट जागी झाली होती, आणि त्यातून मला जो प्रश्न सुचला तो सुचल्याचा आनंद मला आजही वाटतो. मी म्हणाले, "ते लोक जाणाऱ्यासाठी जागायचे. आपल्याकडे परत येणाऱ्यासाठी काही करत असत का?"

बाई गोंधळल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकले.

"माझी आजी काशीला गेली होती. मी लहान होते. परत आली तेव्हा ती सरळ घरी आलीच नाही. गावाबाहेरच्या मारुतीच्या देवळात उतरली. आम्हाला वाटलं, हिला घरी का आणत नाहीत? दुसऱ्या दिवशी ताशे लावून तिला आणलं. दारात पाय धुतले. सगळ्यांनी नमस्कार केला, अगदी तिच्या सासूनेसुद्धा. मग मावंदं झालं. गंगेच्या पाण्याची पूजा, जेवणावळी. आजी मधोमध बसून सांगत होती आणि सगळे ऐकत होते. तिचं तेच तेच सांगणं आठवडाभर चाललं होतं."

"आणि तुम्ही परत आलात तेव्हा?"

"सकाळी अकराला घरी आले. सासूबाई म्हणाल्या, आलीस का, बरं झालं, आज कामवाली येणार नाहीये." बाई हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "तीन वाजता मी भाजी निवडत होते."

त्या खोलीत त्या दिवशी पुढे फारसे बोलणे झाले नाही. त्याची गरजही नव्हती.

माझा स्वतःचा कल सांगायचा तर माणसाच्या मनातील घडामोडी समजून घेताना मला मेंदूतील रसायनांइतकेच घरातील रीतिरिवाज महत्त्वाचे वाटतात. आर्नल्ड व्हान जेनेप या अभ्यासकाने १९०९ साली दाखवून दिले की माणूस एका अवस्थेतून दुसरीत जातो तेव्हा समाज त्याला तीन टप्प्यांतून नेतो: आधी वेगळे करणे, मग मधली अधांतरी अवस्था, आणि शेवटी पुन्हा सामावून घेणे. आपला आजचा एकट्याचा प्रवास पहिले दोन टप्पे झोकात पार पाडतो. निघताना औक्षण होते, विमानतळावर छायाचित्रे निघतात. तिसरा टप्पा मात्र आपण सामानाच्या पट्ट्यावरच सोडून येतो. काशीहून आलेली आजी वेशीवर एक रात्र थांबली, कारण गेलेली बाई आणि आलेली बाई एकच नाही हे गावाला मान्य होते, आणि नव्या बाईला घरात घेण्यासाठी घरालाही थोडा वेळ लागतो हे त्या अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या माणसांना कळत होते. परदेशात राहून मायदेशी परतलेल्या अमेरिकनांच्या अभ्यासातून गलाहॉर्न या अभ्यासक दांपत्याने १९६३ साली मांडले की परतल्यावरही माणसाचे मन तिथे रुळताना झाले तसेच पुन्हा एकदा खाली जाते. मावंदे घालणाऱ्यांना हे न वाचता माहीत होते.

बाईंच्या उदासीत शरीराचाही वाटा होता, तो सांगायलाच हवा. उन्हाळ्यात आयर्लंडचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. तिथले रात्रीचे दहा म्हणजे आपले पहाटेचे अडीच. पूर्वेकडे येताना शरीराच्या घड्याळाच्या आधीच झोपावे लागते आणि ते शरीराला अधिक जड जाते. परतल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत मनात येणाऱ्या विचारांना म्हणूनच फार मान देऊ नये. त्या दिवसांत घेतलेला "माझा संसार चुकला" हा निष्कर्ष बऱ्याचदा अपुऱ्या झोपेचा असतो.

आता दुसरी बाजू. मावंद्याची कल्पना बाईंना इतकी आवडली की त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे यांनी माझं ऐकायला हवं होतं." मी विचारले, "तुम्ही नसताना घरी काय काय झालं?" त्यांना सांगता येईना. यजमानांनी दोन आठवडे आईसाठी स्वयंपाक केला होता, सासूबाईंनी त्यांना खुर्चीवर बसून आमटीची फोडणी शिकवली होती, एकदा रात्री वीज गेली तेव्हा मायलेक अंधारात जुन्या गोष्टी बोलत बसले होते. यातले काहीच बाईंना माहीत नव्हते, कारण त्यांनी विचारले नव्हते. सिलिंडर मात्र नोंदवला होता. घरही त्या पंधरवड्यात कुठेतरी जाऊन आले होते आणि त्याचेही स्वागत कुणी केले नव्हते. माझ्या मते या प्रश्नाचे खरे कुलूप येथे आहे. केवळ "मला समजून घ्या" म्हणून ते उघडत नाही.

त्यांनी एका रविवारी घरच्यांना आणि दोन मैत्रिणींना जेवायला बसवले. छायाचित्रे दाखवायची नाहीत, असे आम्ही ठरवले होते, कारण पडद्यावरचे चित्र पाहताना माणूस सांगणाऱ्याकडे पाहत नाही. बाईंनी आयर्लंडचा सोडा ब्रेड केला. त्यात यीस्ट नसते. मैदा, मीठ, खाण्याचा सोडा आणि ताक, एवढेच. गोळ्यावर सुरीने फुली मारून तो भाजतात. सासूबाईंनी तुकडा चाखून "ताक अजून आंबट हवं होतं" असा निर्णय दिला आणि मग विचारले, "तिथल्या बायका घरीच करतात का हे?" बाई सांगतात की त्या प्रश्नावर त्या तासभर बोलल्या, कोव्हपर्यंत, आणि रडल्याचेही सांगितले. त्यानंतर यजमानांनी फोडणी करपल्याची गोष्ट सांगितली.

ज्यांचा प्रवास अजून व्हायचा आहे त्यांना मी सांगते की परतीचे तिकीट रविवारी रात्रीचे काढू नका. पोहोचल्यावर कामावर जाण्याआधी निदान एक दिवस आपला ठेवा, आणि जमत असेल तर घराआधी एक रात्र मैत्रिणीकडे किंवा लेकीकडे थांबा. शेवटच्या दिवशी नवे ठिकाण पाहण्याचा अट्टाहास करू नका. जिथे रोज चहा घेतलात तिथे जाऊन पुन्हा चहा घ्या आणि त्या माणसाला सांगा की मी उद्या जात आहे. घरचे फोन त्या दिवशी संध्याकाळनंतर घ्या. सिलिंडर एक दिवस थांबतो. आणि रडू आले तर ते घराविरुद्धचे मत समजू नका.

घरी ऐकणारे कुणी नसेल तर काय करायचे, असे एकटे राहणारे विचारतात. शेजारचे, ग्रंथालयातले, सकाळी फिरताना भेटणारे कोणीही दोघे पुरतात. पत्र लिहिले तरी चालते, मात्र ते कुणालातरी पाठवायला हवे. परंतु झोप, भूक आणि कामातील रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेलाच असेल, किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर तो प्रश्न प्रवासाचा राहत नाही. तेव्हा मावंद्याची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे.