सी क्लाउडच्या डोलकाठ्या का उतरवल्या?

प्रश्न असा आहे: १९४२ साली अमेरिकेने 'सी क्लाउड' ही चार डोलकाठ्यांची खासगी आलिशान यॉट युद्धसेवेत घेतली, तेव्हा तोफा बसवून करडा रंग दिला असता तर भागलं नसतं का? डोलकाठ्या कशाला काढल्या?

भागलं नसतं. उंच डोलकाठ्या पाणबुडीच्या पेरिस्कोपला फार लांबून दिसतात. त्यांचे दोरवायर विमानविरोधी तोफांच्या आड येतात. आणि हिला हवामान-जहाज (समुद्रात राहून हवामानाच्या नोंदी घेणारं जहाज) म्हणून अटलांटिकमध्ये एकाच टापूत आठवडेच्या आठवडे राहायचं होतं. शिडं गुंडाळली तरी एवढं लाकूड-लोखंड वारा धरतंच, मग जागा राखायला इंजिन जाळत बसा.

पण डोलकाठ्या उतरवल्या की नवा घोळ होतो. वरचं वजन जातं, गुरुत्वमध्य खाली येतो आणि जहाज जास्त 'ताठ' होतं, म्हणजे कललं की झटकन सरळ होतं. ढोबळ हिशेब असा: एका डोलण्याला लागणारे सेकंद = ०.८ × रुंदी ÷ √मेटासेंटर-उंची (दोन्ही मीटरमध्ये). मेटासेंटर-उंची म्हणजे जहाज किती ताठ आहे याचं माप. रुंदी १५ मीटर धरा. मेटासेंटर-उंची ०.९ असेल तर साडेबारा सेकंद, १.६ झाली तर साडेनऊ. शिवाय मध्यापासून लांबचं वजन गेल्यामुळे ०.८ हा आकडाही उतरतो, म्हणजे डोलणं दुहेरी जलद होतं. असं जहाज उलटत नाही, पण हिसके देतं. नेम लागत नाही, माणसं ओकतात. डेकवर चढणाऱ्या तोफा यातला काही फरक भरून काढतात. उरलेल्यासाठी तळातलं नीरम (जहाज स्थिर ठेवायला तळाशी भरलेलं वजन) कमी करायचं. आधी नीरम काढून मग तोफा चढवणं मात्र धोक्याचं, हिशेब एकत्रच करावा लागतो.

तोफेखाली सागवानी डेक ठेवू नये. ३ इंची तोफेच्या धक्क्याने लाकूड दबतं, बोल्ट सैल होतात, खाली पाणी झिरपायला लागतं. फळ्या काढून जाड पत्रा मारायचा आणि त्याखाली खांब देऊन भार थेट खालच्या सांगाड्यावर उतरवायचा. नेमका तिथेच मालकांचा दिवाणखाना असला तर खांब त्याच्या मधोमध येतो, इलाज नाही.

डेप्थ चार्जचं, म्हणजे पाणबुडीवर टाकायच्या स्फोटक पिंपांचं, गणित बहुतेक जण विसरतात. मार्क ६ चा एक पिंप सुमारे १९० किलोचा. २० पिंपं म्हणजे ३.८ टन, तेही अगदी पिछाडीला. जहाज मागे बसतं. सुरुवातीची पिंपं सेकंदाला साधारण ८ फूट बुडायची. ५० फूट खोलीवर फुटायला सहा सेकंद, आणि १२ नॉटने जाणारी यॉट तेवढ्यात जेमतेम १२५ फूट पुढे सरकते. स्वतःचेच रिव्हेट उडायचे! १०० फुटांवर लावलं तर दुप्पट अंतर मिळतं, पण वर असलेली पाणबुडी निसटते.

माणसं वाढतात हे वेगळंच. मालकांच्या काळात ७२ जणांचा कर्मचारीवर्ग होता, तटरक्षक दलाच्या काळात १७३. गोडं पाणी, भटारखाना, संडास, सगळं अपुरं पडतं. (१९४३-४४ मध्ये याच जहाजावर तटरक्षक दलाचे अधिकारी कार्लटन स्किनर यांनी गोऱ्या-काळ्या खलाशांना आणि अधिकाऱ्यांना एकत्र कामाला लावलं.)

यॉटचा खरा दुबळेपणा पोटात असतो. पाहुण्यांना आरामात फिरता यावं म्हणून पाणी अडवणाऱ्या आडव्या भिंतींना दारं पाडलेली, बाजूला मोठाल्या खिडक्या, आत लाकडी तक्तपोशी आणि वार्निश. खिडक्या पत्र्याने बंद करायच्या, लाकूड शक्य तितकं उपटायचं. एवढं करूनही टॉर्पेडो सोसण्याची आशा ठेवू नये. अमेरिकी धनाढ्य व्हँडरबिल्टची 'अल्वा' ही यॉट बघा: सी क्लाउडप्रमाणेच १९३१ची, कीलच्या क्रुप गोदीतलीच. नौदलात ती 'प्लिमथ' झाली. ५ ऑगस्ट १९४३ रोजी यू-५६६ या जर्मन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला आणि ती दोन मिनिटांत बुडाली. जवळपास निम्मे खलाशी गेले.

सी क्लाउड नोव्हेंबर १९४४ मध्ये मालकांना परत मिळाली. नौदलाने भाडं दिलं होतं वर्षाला १ डॉलर. जहाज पूर्ववत करायला मात्र त्याला सोबत १,७५,००० डॉलर द्यावे लागले.