फिट्स, फिका चहा आणि घराण्याचं बीज

‘लग्न ठरवताना घराण्यातले आजार विचारणं म्हणजे सुप्रजननशास्त्रच ना?’ असा तुमचा प्रश्न. सुप्रजननशास्त्र म्हणजे ‘चांगल्या’ बीजाच्याच माणसांना मुलं होऊ द्यायची, हा विचार. विचारा की! पण मग दोन्हीकडचं विचारा.

1992 ची गोष्ट, इंदूरच्या रामबागेतली. ताईला ग्वाल्हेरचं स्थळ आलं होतं. पोहे झाले (इंदुरात पोह्यांचं कसलं कौतुक, ते रोजचेच), पसंती आली, याद्या तेवढ्या राहिल्या होत्या. ताईला वर्षभरात तीनदा फिट आली होती. काका म्हणाले, ‘गप्प बसा.’ बाबांनी भर बैठकीत गोळ्यांची पट्टी काढून मुलाच्या वडिलांपुढे ठेवली. त्यांनी पट्टीला हात लावला नाही, चष्मा चढवून नुसती वाचली. मग त्यांच्यातले वकील मामा म्हणाले, ‘अहो, हे कायद्यातच बसत नाही.’

अगदीच खोटं नव्हतं ते. हिंदू विवाह कायद्यात 1976 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून वारंवार फेफरं येणाऱ्याचं लग्न रद्द करून घेता येत होतं. ती अट 1999 ला गेली. तोवर तेवीस वर्षं कित्येक मुलींचे बाप कपाटात गोळ्या लपवत बसले असतील.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1883 मध्ये सुप्रजननशास्त्राचं ‘युजेनिक्स’ हे इंग्रजी नाव पाडलं. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यानं एकोणिसावं शतक संपायच्या आतच फेफरंवाल्यांच्या लग्नाला बंदी केली. 1927 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. तिची मुलगी विव्हियन पुढे शाळेत हुशारांच्या यादीत होती. जर्मनीच्या 1933 च्या नसबंदी कायद्यात आनुवंशिक फेफरं नावानिशी होतं. त्या कायद्याखाली एकूण चारेक लाख माणसांची नसबंदी झाली.

स्थळ मोडल्यावर काका आईला म्हणाले, ‘तुझ्या माहेरचं रक्त.’ आई त्या दिवशी जेवली नाही. स्कॅन महाग म्हणून तोवर काढलाच नव्हता. पुढे काढला तर मेंदूत फीतकृमीची गाठ! आम्ही पक्के शाकाहारी, पण नीट न धुतलेल्या कच्च्या भाजीतून त्याची अंडी पोटात जातात म्हणे. म्हणजे माहेर नाही, कोशिंबीर. तीन वर्षांनी ताईच्या गोळ्या बंद झाल्या. आणि हो, मुलाच्या वडिलांनी त्या दिवशी ‘साखरेचा त्रास आहे’ म्हणून फिका चहा मागितला होता. मधुमेह घराण्यात चालतो, पण त्यांचं बीज कुणी तपासलं नाही.

तरी थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी मात्र दोघांनी लग्नाआधी करून घ्याच. आमचे सिंधी शेजारी करतात. दोघंही वाहक निघाले, म्हणजे स्वतः ठणठणीत पण बीजात दोष असलेले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याचा चारात एक धोका असतो. ते कळल्यावर काय करायचं ते त्या दोघांनी ठरवावं, वकील मामांनी नाही.

आणि तुमच्या घरातही असे काका असतील तर रिपोर्ट जपून ठेवा. आमच्या काकांना मी स्कॅन दाखवला, 1999 ची बातमीही वाचून दाखवली. म्हणाले, ‘कायदा बदलला म्हणून रक्त बदलतं होय?’ आता नव्वदीला आलेत. परवा पुन्हा तोच विषय निघाला, मी पुन्हा स्कॅन काढून आणला.