न्यायवैद्यक की न्यायसहायक? कीटकांच्या साक्षीविषयीचे काही शब्द

विज्ञानविषयक लेखांचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. गुन्ह्याच्या तपासात कीटकांचा पुरावा म्हणून उपयोग करणाऱ्या ज्ञानशाखेला, म्हणजे 'फॉरेन्सिक एन्टोमॉलॉजी'ला, मराठीत 'न्यायवैद्यक कीटकशास्त्र' म्हणावे की 'न्यायसहायक कीटकशास्त्र', हा पहिला प्रश्न. दुसरा एका वाक्याविषयी आहे: 'मृतदेहात पडलेल्या किड्यांवरून मृत्यूची वेळ निश्चित करण्यात आली.' मराठी म्हणून यात काही खटकत नसले, तरी शास्त्राला हे वाक्य चालेल का, आणि 'किडे'ऐवजी 'कृमी', 'जंतू' किंवा 'अळ्या' लिहावे का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर 'न्यायसहायक' असे आहे. 'न्यायवैद्यक' हा शब्द चांगला रुळलेला आहे, परंतु त्याचा गाभा 'वैद्यक' हा आहे. शवविच्छेदन, जखमांची तपासणी, विषबाधेचे निदान अशी जी कामे डॉक्टर न्यायदानाच्या मदतीसाठी करतो, त्यांना तो शब्द शोभतो. कीटकांचा अभ्यासक वैद्य नसतो, हे तर झालेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की या शाखेचा सगळा कारभार मृतदेहांपुरता मर्यादित नाही. साठवलेल्या धान्यात किंवा डबाबंद खाद्यपदार्थात सापडलेला कीटक माल कारखान्यातून निघण्यापूर्वी शिरला की नंतर, किंवा घर विकले गेले त्या वेळी त्याच्या लाकडात वाळवी होती की नव्हती, असे वादही न्यायालयात जातात आणि तेथेही कीटकशास्त्रज्ञाचीच साक्ष लागते. या वादांत वैद्यकाचा संबंध कोठेच येत नाही. म्हणून संपूर्ण शाखेला 'न्यायसहायक कीटकशास्त्र' म्हणावे आणि तिच्यातील मृतदेहांशी निगडित भागापुरते 'न्यायवैद्यक कीटकशास्त्र' राखून ठेवावे, म्हणजे दोन्ही शब्दांना स्वतंत्र काम मिळते. शासकीय मराठीत 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा' हे नाव रूढ असल्यामुळे वाचकालाही हा शब्द परका वाटणार नाही. 'फॉरेन्सिक' हे विशेषण लॅटिन 'फोरम'वरून, म्हणजे जेथे सार्वजनिक व्यवहार आणि न्यायनिवाडे चालत त्या रोमन चौकाच्या नावावरून, आलेले आहे; त्यामुळे 'न्याय' हा घटक मूळ अर्थालाही धरून आहे. लेखनाविषयी एकच सूचना: 'सहायक' किंवा 'साहाय्यक' लिहावे, सर्रास दिसणारे 'सहाय्यक' हे रूप व्याकरणाला धरून नाही.

'कीटक' या शब्दाची व्याप्तीही येथे पाहून घ्यायला हवी. ग्रीक 'एन्टोमॉन' आणि लॅटिन 'इन्सेक्टम' या दोन्हींचा अर्थ 'खाचा पडलेला' असा आहे, आणि तो डोके, वक्ष व उदर अशा विभागलेल्या शरीराकडे बोट दाखवतो. संस्कृत 'कीट' शब्दात असे शरीररचनेचे सूचन नाही आणि त्याचा पसाराही मोठा आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील कीटकल्प नावाच्या अध्यायात विंचू आणि कोळी यांचीही चर्चा येते. आजच्या शास्त्रीय मराठीत मात्र 'कीटक' म्हणजे सहा पायांचा प्राणी. आठ पायांचा कोळी किंवा गोचीड मृतदेहाजवळ आढळली, तर तिची नोंद तपासात जरूर होते, परंतु तिला कीटक म्हणता येत नाही.

आता वाक्यातील 'किडे'. बोलण्यात हा शब्द सरपटणाऱ्या, उडणाऱ्या, अंगावर चढणाऱ्या कोणत्याही लहान जिवाला चालतो, आणि तपासाच्या दृष्टीने नेमकी हीच त्याची अडचण आहे. मृतदेहावर माशीची अळी आहे, देह खाण्यासाठी आलेला भुंगेरा आहे की त्या अळ्यांनाच खाणारी मुंगी आहे, यावर पुढचा सगळा हिशेब अवलंबून असतो, आणि 'किडे' म्हटले की हा भेद पुसला जातो. 'कृमी' तर येथे चुकीचाच ठरेल, कारण आज तो शब्द मुख्यतः आतड्यातील जंतांसारख्या प्राण्यांसाठी वापरतात आणि ते कीटक नव्हेत. 'जंतू' म्हणताच मराठी वाचकाच्या मनात रोगजंतू उभे राहतात. 'कीड' हा समूहवाचक शब्द नुकसानीच्या भावनेने भरलेला आहे. पिकावर कीड पडते, दाताला कीड लागते, पण साक्ष देणाऱ्या जिवाला कीड म्हणणे त्याच्या कामाशी विसंगत आहे. मृतदेहावर बहुतेक वेळा सर्वांत आधी येतात त्या निळ्या-हिरव्या चमकदार माश्या, आणि जखमांत, नाकपुड्यांत, तोंडात व डोळ्यांच्या कोपऱ्यांत दिसतात त्या त्यांच्या अळ्या. म्हणून 'माशीच्या अळ्या' हाच नेमका शब्द. केवळ अळ्याच पुरावा होतात असे मात्र नाही. चीनमधील सुंग त्स या न्यायाधिकाऱ्याने १२४७ मध्ये मृत्यूच्या चौकशीविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात विळ्याने झालेल्या एका खुनाची हकिकत आहे. गावकऱ्यांना आपापले विळे आणून जमिनीवर ठेवायला सांगितले, तेव्हा डोळ्यांना रक्त दिसत नसतानाही माश्या एकाच विळ्यावर जमल्या, आणि त्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. येथे साक्षीला आल्या त्या अळ्या नव्हेत, पूर्ण वाढलेल्या माश्या.

मला सर्वांत विचार करायला लावणारा शब्द वाटतो तो 'पडलेल्या'. जखमेत किडे पडतात, आंब्यात किडे पडतात, धान्याला कीड पडते. या 'पडणे' क्रियापदात किडे आणणारा कर्ता कोठेच नाही. जणू सडणाऱ्या पदार्थातून किडे आपोआप उपजतात. 'दात किडला', 'फळ किडले' या प्रयोगांतही सडणे आणि किडा यांची अशीच जोडी जमलेली आहे. सडण्यातूनच जीव निर्माण होतो ही समजूत जगभर होती, आणि इटलीतील फ्रान्सिस्को रेडी यांनी १६६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी तिला पहिला जबर धक्का दिला. त्यांनी मांस भरलेली काही भांडी उघडी ठेवली आणि काहींवर बारीक जाळीचे कापड बांधले. उघड्या मांसात अळ्या झाल्या. झाकलेल्या मांसात झाल्या नाहीत, मात्र वासाने आलेल्या माश्यांनी कापडावर अंडी घातली. न्यायसहायक कीटकशास्त्राची सारी इमारत या निष्कर्षावर उभी आहे. अळी आपोआप उपजत असती, तर तिच्या वयाला काही अर्थच उरला नसता. ती एका ठरावीक जातीच्या मादीने ठरावीक वेळी घातलेल्या अंड्यातून येते, म्हणूनच तिचे वय मोजता येते आणि त्या वयावरून मागे जाता येते. बोलण्यातला 'किडे पडले' हा प्रयोग कोणी सोडावा असे मी म्हणणार नाही, तो भाषेचा जिवंत भाग आहे. परंतु तपासाविषयीच्या लेखनात माशीला तिचे कर्तेपण परत द्यावे. तेथेही थोडी सावधगिरी हवी, कारण मांसमाश्यांच्या कुळातील माद्या बहुधा अंडी न घालता थेट जिवंत अळ्याच सोडतात, आणि त्यांच्याबाबत 'अंडी घातली' असे लिहिले तर हिशेबात एक संपूर्ण अवस्था उगाच वाढते.

उरले 'मृत्यूची वेळ निश्चित करण्यात आली'. अळीचे वय सांगते ते माशी मृतदेहापर्यंत कधी पोहोचली याविषयी. उघड्यावर, दिवसा, उबदार हवेत माशी काही मिनिटांतही येऊ शकते. पण रात्र, पाऊस, थंडी, बंद खोली किंवा मृतदेहाभोवती गुंडाळलेले कापड यांमुळे तिला उशीर होतो. म्हणून अभ्यासक 'मृत्यूनंतरचा किमान कालावधी' सांगतात, आणि त्यातला 'किमान' हा शब्द भाषांतरात गाळला तर विधानच बदलते. तो काळ काढण्याची रीत तापमानावर आधारलेली आहे. एखाद्या जातीची वाढ १० अंश सेल्सिअसच्या खाली थांबते असे धरले, तर २५ अंशांत, म्हणजे त्या मर्यादेहून १५ अंश वर, घालवलेल्या २४ तासांचे १५ गुणिले २४, म्हणजे ३६० अंश-तास होतात. २० अंशांत तेवढ्याच वेळात २४० होतात. ज्या वाढीला ७२० अंश-तास लागतात, ती पहिल्या ठिकाणी दोन दिवसांत आणि दुसऱ्या ठिकाणी तीन दिवसांत पुरी होते. 'अंश-तास' हा सुटसुटीत शब्द मराठीत निःसंकोच वापरावा. हे सर्व लक्षात घेता ते वाक्य मी असे लिहीन: 'मृतदेहावरील माशीच्या अळ्यांच्या वयावरून मृत्यूला किमान किती काळ झाला असावा, याचा अंदाज करण्यात आला.' वाक्य लांबले, पण न्यायालयात जाणाऱ्या विधानाला हा लांबटपणा आवश्यक आहे.

वयाची भाषा करताना 'अवस्था' या शब्दावर मात्र फार भार पडतो. अंडे, अळी, कोश आणि प्रौढ या चार अवस्था. आणि अळी दोनदा कात टाकते, तेव्हा तिच्या वाढीचे जे तीन भाग पडतात त्यांनाही आपण अवस्थाच म्हणतो. 'अळी अवस्थेची तिसरी अवस्था' असले वाक्य वाचताना वाचक अडखळतो. मोठ्या चारांना 'अवस्था' आणि अळीच्या तिन्हींना 'टप्पा' म्हटले तर हा गुंता सुटतो. 'कात टाकणे' तर आयते हाताशी आहे. त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. हे टप्पे ओळखायचे ते अळीच्या मागच्या टोकावरून. तेथे श्वसनरंध्रांच्या दोन लहानशा चकत्या असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्या टप्प्यातील अळीच्या प्रत्येक चकतीवर दोन फटी दिसतात, तर तिसऱ्या टप्प्यातील अळीच्या प्रत्येक चकतीवर तीन. अळ्यांची लांबी आणि या फटी नीट पाहता याव्यात म्हणून गोळा केलेल्यांपैकी काही अळ्या आधी खूप गरम पाण्यात मारून मग अल्कोहोलमध्ये ठेवतात, आणि काही जिवंत वाढवतात, कारण बाहेर पडलेल्या माशीवरून जात ओळखणे पुष्कळ सोपे असते.

'कोश' शब्दाचाही असाच प्रश्न आहे. ('कोष' हे रूपही चुकीचे नाही, संस्कृतात दोन्ही आहेत.) रेशीमकिड्याची अळी स्वतःभोवती धाग्याचे जे आवरण विणते त्याला आपण कोश म्हणतो, आणि आत निपचित पडलेल्या जिवालाही कोशच म्हणतो. माशीची अळी काहीच विणत नाही. तिच्या तिसऱ्या टप्प्याची कातडीच आखडते, कडक होते आणि तांबूस-काळसर रंगाची बनते. त्या कवचाच्या आत माशी घडते आणि पुढचे टोक टोपणासारखे उडवून बाहेर येते. माशी उडून गेल्यावरही ते रिकामे कवच मृतदेहाच्या आसपास, जमिनीत किंवा फरशीच्या फटीत वर्षानुवर्षे टिकू शकते. त्याला 'कोशकवच' म्हणावे असे मी सुचवतो, कारण 'रिकामा कोश' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर रेशीम येते. १८५० मध्ये फ्रान्समधील आर्ब्वा येथे एका घराच्या धुराड्यामागे वाळून गेलेला अर्भकाचा देह सापडला, तेव्हा बर्जरे या डॉक्टरांनी माशी आणि पतंग यांच्या अशाच अवशेषांवरून तो मृत्यू १८४८ मधला, म्हणजे तेव्हाचे रहिवासी तेथे राहायला येण्यापूर्वीचा, ठरवला. कीटकांच्या एका पिढीला साधारण वर्ष लागते हे त्यांचे गृहीतक पुढे टिकले नाही. पण प्रश्न मांडण्याची त्यांची रीत टिकली. त्या प्रकरणाविषयी मराठीत लिहिताना कोशकवच, अळी आणि पतंग हे तीन शब्द तरी वेगवेगळे ठेवावे लागतील. तिन्हींना 'किडे' म्हटले, तर बर्जरे यांनी कालगणना कशावरून केली हेच वाचकाला कळणार नाही.