पहिल्यांदा किरणोत्सवाला येतोयस तर

भावा, तारखा 9, 10 आणि 11 नोव्हेंबर. हुकलं तर 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. कोल्हापूरच्या अंबाबाईचं देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्याकडं सरकतं. किरणोत्सव तो हाच: रीतीनं ऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. पण ढगांना हे वेळापत्रक कोण सांगणार? ढग, धूळ, वाटेतलं बांधकाम, काहीही आडवं येतं.

माझ्या पहिल्या खेपेला ऊन उंबऱ्यापाशी आलं, पितळेसारखं पिवळं झालं अन् विझलं. माझंच काही चुकलं का, म्हणून मी कुढत बसलो. शेजारच्या आजींनी खडीसाखरेचा खडा हातावर ठेवला. "आई हाय न्हवं आत? मग झालं की!" तो खडा तोंडात विरघळेपर्यंत मी गप्प होतो.

मनातला प्रश्न घेऊनच ये, उत्तराची घाई नको. चारलाच ये. मोबाइल खिशात. माना उंचावून मूर्ती शोधण्यापेक्षा फरशीवर सरकणारं ऊन बघ. आणि चप्पल गाडीतच ठेव, त्यातून कोल्हापुरी असली तर नक्कीच.