वाचक विचारतात : विमानतळावरची झडती आणि साहेबांची सूट

प्रश्न : गेल्या महिन्यात मुलीकडे जाण्यासाठी विमानाने प्रवास केला. सुरक्षा तपासणीच्या रांगेत आम्ही सगळे पट्टे, घड्याळे काढून उभे असताना एक वरिष्ठ अधिकारी पत्नी आणि दोन सहायकांसह बाजूच्या फाटकातून आत आले. जवानाने त्यांना खिसे रिकामे करायला सांगितले, तेव्हा "मी कोण आहे हे तुला ठाऊक नाही का?" असे ते सर्वांदेखत ओरडले. त्यानंतर त्यांची झडती झालीच नाही, आणि मागून येणाऱ्या दोघा सहायकांचीही झाली नाही. मोठ्या अधिकाऱ्यांना अशी सूट कायद्याने दिलेली आहे काय?
— एक निवृत्त शिक्षक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सूट आहे, पण ती आपण पाहिलेल्या अधिकाऱ्याला असण्याची शक्यता फार कमी आहे, आणि त्याच्या सहायकांना तर ती मुळीच नाही. विमानात चढण्यापूर्वीच्या तपासणीतून कोणाला वगळायचे याची यादी नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो ठरवतो. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, माजी राष्ट्रपती, राज्यपाल, मुख्यमंत्री, केंद्रीय कॅबिनेट मंत्री, सरन्यायाधीश, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायमूर्ती, लोकसभेचे अध्यक्ष, भारतरत्न सन्मानित व्यक्ती, परदेशांचे राजदूत अशी ती यादी आहे. आमदार, खासदार, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक किंवा महापालिका आयुक्त यांचा तिच्यात समावेश नाही. खासदारांना विमानतळावर सौजन्याने वागवावे अशा सूचना आहेत, परंतु सौजन्य म्हणजे बसायला जागा आणि विचारपूस. यंत्राच्या चौकटीतून न जाता आत सोडणे हा त्याचा अर्थ कोणी लावत असेल तर तो चुकीचा आहे. अंगरक्षकाचीही गोष्ट तीच. पंतप्रधानांच्या विशेष सुरक्षा दलासारखे मोजके अपवाद सोडले, तर साहेबांच्या अंगरक्षकाला पिस्तूल कमरेला लावून प्रवासी कक्षात जाता येत नाही. ते रिकामे करून, रीतसर नोंदवून सामानात द्यावे लागते.

या यादीबद्दल माझे स्वतःचे मत असे आहे की ती अजून आखूड व्हायला हवी. कोणतेही घटनात्मक पद नसलेल्या रॉबर्ट वड्रा यांचे नाव तिच्यात बरीच वर्षे होते आणि ते 2015 मध्ये वगळण्यात आले. म्हणजे यादी छाटता येते, ती छाटल्याने कोणाचे काही बिघडत नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव माजी राष्ट्रपती म्हणून यादीत होते, तरीही 2009 मध्ये दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी त्यांची झडती घेतली. ती त्यांनी शांतपणे घेऊ दिली, आणि हा प्रकार उजेडात आल्यावर संसदेत गदारोळ झाला तेव्हाही त्यांनी स्वतः तक्रार केली नाही. चूक त्या कंपनीची होती आणि तिने माफी मागितली. पण सूट हक्काची असतानाही हात वर करून उभा राहणारा माणूस आणि सूट नसतानाही आवाज चढवणारा माणूस यांच्यातला फरक त्या रांगेतील प्रत्येक प्रवाशाला कळतो.

प्रश्न : मी नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालो. आम्ही आयुष्यभर रोज फाटकावर झडती दिली, आणि त्यात कधी अपमान वाटला नाही. विमानतळावर मात्र एखाद्या साहेबाला सोडून दिले म्हणून एवढे काय बिघडते, असे माझा पुतण्या म्हणतो. त्याचे म्हणणे असे की इतका मोठा अधिकारी बॉम्ब घेऊन थोडाच जाणार आहे. त्याला काय उत्तर द्यावे?
— जेल रोड, नाशिकरोड

उत्तर : आपल्या पुतण्याचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि बहुतेक लोकांच्या मनात तोच असतो, म्हणून त्याला थोडे सविस्तर उत्तर देतो.

साहेब बॉम्ब घेऊन जाणार नाही, हे मान्य. परंतु साहेबासाठी उघडलेल्या फाटकातून पुढे कोण आणि काय जाईल, यावर साहेबाचाही ताबा राहत नाही. मार्च 2025 मध्ये बंगळुरूच्या विमानतळावर महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने एका कन्नड अभिनेत्रीला सुमारे 14 किलो सोन्यासह पकडले. ती दुबईहून आली होती आणि कर्नाटकातील एका पोलीस महासंचालकांची ती सावत्र मुलगी होती. विमानतळावर शिष्टाचार म्हणून दिली जाणारी पोलिसांची सोबत वापरून ती तपासणी टाळत होती, असा आरोप झाला. राज्य सरकारने या शिष्टाचाराच्या गैरवापराची चौकशी लावली आणि त्या अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. मात्र शिष्टाचाराची वाट तेथे रोजची झाली नसती, तर असा आरोप करण्याजोगी परिस्थितीच निर्माण झाली नसती. यावेळी सोने होते. त्या वाटेला आत येणारी वस्तू कोणती आहे हे कळत नाही.

ओळखपत्र दाखवून तपासणी टाळण्याची किंमत अमेरिकेने 1987 च्या डिसेंबरमध्ये मोजली. नोकरीवरून काढलेल्या एका विमान कर्मचाऱ्याकडे जुने ओळखपत्र तसेच राहिले होते. त्या काळी कर्मचाऱ्यांना तपासणीतून न जाता आत जाता येत असे. तो त्या ओळखपत्रावर पिस्तुलासह आत शिरला, ज्या वरिष्ठाने त्याला काढले होते त्याच्याच विमानात बसला, आणि कॅलिफोर्नियात ते विमान कोसळून त्याच्यासह सर्व 43 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर वैमानिकांसह सर्व कर्मचाऱ्यांना प्रवाशांप्रमाणेच तपासणीतून जाणे तेथे बंधनकारक झाले. ‘हा आपलाच माणूस आहे’ एवढ्याच विश्वासावर तो आत गेला होता.

आणि एअर इंडियाच्या कनिष्क विमानाची हकीकत तर आपल्या पुतण्याने मुद्दाम समजून घ्यावी. 22 जून 1985 रोजी कॅनडातील व्हँकुव्हरच्या काउंटरवर एका प्रवाशाने आपली बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवावी असा आग्रह धरला. टोरंटोपासून पुढचे त्याचे एअर इंडियाचे तिकीट प्रतीक्षा यादीत होते, त्यामुळे तसे करता येत नाही असे काउंटरवरच्या बाईंनी त्याला सांगितले. तो हुज्जत घालत राहिला, मागे रांग वाढत गेली, आणि अखेर त्या बाईंनी बॅगेवर दिल्लीची चिठ्ठी लावली. तो प्रवासी विमानात चढलाच नाही, त्याची बॅग मात्र गेली. टोरंटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले आणि उरलेले सामान हातातल्या उपकरणाने तपासले गेले. दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरावर ते विमान फुटले आणि 329 जण गेले. त्या बाईंना मी दोष देत नाही. नियम त्यांना ठाऊक होता, त्यांनी तो सांगितलाही. आवाज चढवणाऱ्या माणसापुढे त्यांच्या पाठीशी उभे राहणारे मात्र त्या क्षणी तेथे कोणी नव्हते. यंत्र बिघडले तर दुरुस्त करता येते. एकदा दबावाला मान तुकवावी लागलेला कर्मचारी पुढच्या वेळी हटकायच्या आधीच विचार करू लागतो, आणि सुरक्षेतील खरी त्रुटी तेथे तयार होते.

आपल्या छापखान्याच्या फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात; देशातील बहुतेक मोठ्या विमानतळांवरही हेच दल असते. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले, त्यानंतर 2000 पासून विमानतळांची जबाबदारी टप्प्याटप्प्याने या दलाकडे आली. एकाच दलाचे जवान नाशिकरोडच्या फाटकावर कामगाराची झडती निर्धास्तपणे घेतात आणि विमानतळावर अधिकाऱ्यापुढे चाचरतात, तर फरक जवानात नाही. छापखान्यात झडती ही कामाची रीत आहे हे सगळ्यांनी मनोमन स्वीकारले आहे. आपण स्वतः वर्षानुवर्षे हे केले आहे, तेव्हा पुतण्याला माझ्यापेक्षा आपणच ते अधिक चांगले सांगू शकाल.

प्रश्न : माझी मुलगी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात आहे आणि विमानतळावर महिला प्रवाशांची तपासणी करते. एका अधिकाऱ्याच्या पत्नीला तिने पडद्याआड तपासणीसाठी बोलावले म्हणून त्या बाईंनी तिला "तुझी बदली करवते" असे धमकावले. मुलगी घाबरली नाही, पण मला रात्री झोप लागत नाही. कायदा तिच्या बाजूने आहे का?
— एक आई, सिन्नर

उत्तर : कायदा पूर्णपणे आपल्या मुलीच्या बाजूने आहे, हे आधी सांगतो. सरकारी कर्मचाऱ्याला त्याच्या कर्तव्यात अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 221 खाली गुन्हा आहे. कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हात उगारला किंवा बळ वापरले तर कलम 132 लागते आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. इजा करण्याची धमकी देऊन सरकारी कर्मचाऱ्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी कलम 224 आहे. बदलीची धमकी त्यात बसेल की नाही हे प्रसंगावर अवलंबून राहील, त्यामुळे तेवढ्यावर भिस्त ठेवू नये.

"साहेबांवर खटला भरायला सरकारची परवानगी लागते" असे सांगून अनेकदा सामान्य माणसाला गप्प केले जाते. ही परवानगी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 मध्ये आहे, पण ती अधिकाऱ्याने पदाचे काम करताना केलेल्या कृतीपुरती आहे. कुटुंबासह प्रवासाला निघालेल्या अधिकाऱ्याने तपासणीच्या दारात आरडाओरडा करणे हे कोणत्याही पदाचे काम नाही, असे मला ठामपणे वाटते. शिवाय ज्या प्रकरणात परवानगी खरोखरच लागते, तेथे आता सरकारने 120 दिवसांत निर्णय द्यायचा आहे. न दिल्यास परवानगी मिळाली असे धरले जाते. अधिकाऱ्याच्या पत्नीला तर हे संरक्षण मुळातच नाही, कारण त्या पदावर नाहीत.

कायदा पुस्तकात असणे आणि प्रसंगी उपयोगी पडणे यांत अंतर आहे, हे आपण जाणताच. मार्च 2017 मध्ये आपल्याच राज्यातील, तेव्हाच्या उस्मानाबाद मतदारसंघाच्या खासदारांनी दिल्लीत एअर इंडियाच्या साठीतल्या कर्मचाऱ्याला चपलेने मारले आणि ते उघडपणे सांगितलेही. विमान कंपन्यांनी त्यांना तिकीट देणे बंद केले. त्यांनी खेदाचे पत्र दिल्यावर साधारण दोन आठवड्यांत बंदी उठली. त्या प्रकरणानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशांसाठी नियम आले. शिवीगाळीसाठी तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका निर्माण केल्यास किमान दोन वर्षे प्रवासबंदी होऊ शकते, आणि निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती देते. हे नियम विमानातील वर्तनासाठी आहेत. विमानतळाच्या आवारातील प्रकार सुरक्षा यंत्रणा दंडविधानाखाली हाताळतात. म्हणजे आपल्या मुलीच्या बाबतीत पहिले पाऊल तिच्याच दलाने उचलायचे आहे.

म्हणून तिला सांगावे की असा प्रसंग आला तर एकटीने वाद घालत बसू नये. "तपासणी सर्वांसाठी आहे" एवढे एकच वाक्य शांतपणे म्हणावे, लगेच पाळीच्या प्रमुखांना बोलवावे आणि ड्युटी संपण्यापूर्वी घटनेची वेळ, जागा आणि बोललेले शब्द यांची लेखी नोंद करवून घ्यावी. तेथे कॅमेरे असतात, पण चित्रण कायम ठेवले जात नाही, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंतीही त्याच नोंदीत असावी. पुढे खरोखरच बदली झाली, तर हा कागदच तिच्या कामी येईल. सूट असलेल्यांची यादीही तिने पाठ ठेवावी, कारण उलट बाजूनेही त्रास होऊ शकतो: 2019 च्या निवडणुकीत ओडिशातील संबळपूरला पंतप्रधानांच्या हेलिकॉप्टरची तपासणी करणाऱ्या निरीक्षक अधिकाऱ्याला, विशेष सुरक्षा असलेल्यांसंबंधीच्या सूचना पाळल्या नाहीत म्हणून, निवडणूक आयोगाने निलंबित केले होते, आणि केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडून त्यांना स्थगिती मिळवावी लागली. याउलट 2024 च्या विधानसभा निवडणुकीत यवतमाळ जिल्ह्यातील वणीला उद्धव ठाकरे यांच्या बॅगा तपासल्या गेल्यावर काही दिवसांतच सत्तेतील नेत्यांच्या बॅगाही उघडल्या गेल्या, आणि त्या कर्मचाऱ्यांनी आपले काम केले एवढेच राज्याने पाहिले.

आपली मुलगी घाबरली नाही, असे आपण लिहिले आहे. तिला माझा नमस्कार सांगा. तिच्या वरिष्ठांनी त्या दिवशी तिची बाजू घेतली की नाही, हे तिला अवश्य विचारा. घेतली नसेल, तर तक्रार त्यांच्या वरच्या पातळीवर लेखी जायला हवी, आणि ती तिनेच, दलाच्या शिस्तीत राहून करावी.

प्रश्न : असा प्रकार दिसला तर प्रवाशाने मोबाइलवर चित्रण करावे का? माहितीच्या अधिकारात काही मिळेल का? सिंहस्थात ओझर विमानतळावर मोठ्या लोकांची ये-जा वाढणार, म्हणून विचारतो.
— पंचवटी

उत्तर : चित्रण करू नये. तपासणीच्या जागेत ते निषिद्ध आहे, आणि ओझरला तर दुहेरी कारण आहे. ती धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची आहे, जेथे मिग आणि सुखोई विमाने तयार झाली. तेथे फोटो काढणारा प्रवासीच आधी अडकेल आणि साहेब निघून जातील. त्याऐवजी तारीख, वेळ, फाटक आणि विमानाचा क्रमांक लिहून ठेवावा आणि त्याच दिवशी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या तक्रार व्यवस्थेवर, तसेच विमानतळ संचालकांकडे लेखी कळवावे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्यामुळे भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असल्याखेरीज त्यांच्याकडून माहिती मिळणार नाही. मात्र 2026-27 च्या सिंहस्थासाठी कोणाकोणाला शिष्टाचाराची सोबत देण्याचे आदेश निघाले, हे राज्य शासनाच्या संबंधित कार्यालयाकडे आपण विचारू शकता. तो अर्ज आत्ताच टाकावा. उत्तर आले की आम्हाला त्याची प्रत पाठवावी.